शिवशिव थांबली, झीज थांबली का? संवेदनशील दातांच्या चार टूथपेस्टचे परीक्षण

चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर दात आंबतात आणि तासाभरात पूर्ववत होतात, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवलेले असते. माझ्या डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्याची आणि त्यामागच्या दोन उपदाढांची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे माठातल्या पाण्यानेही कळ जात असे, थंडीच्या दिवसांत सकाळी तोंडाने श्वास घेतला तरी शिवशिव होई, आणि आरशासमोर ओठ वर करून नीट पाहिले तेव्हा हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी, नख अडकेल अशी खाच दिसली. दंतवैद्यांनी तपासून सांगितले की कीड कुठेच नाही, दात झिजले आहेत. खाच उथळ असल्यामुळे ती लगेच भरण्याची गरज नाही, संवेदनशील दातांसाठीची टूथपेस्ट वापरा आणि पुन्हा दाखवायला या. कोणती घेऊ, असे विचारल्यावर ‘कोणतीही चालेल’ एवढेच उत्तर मिळाले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि ते उत्तर मला पटले नाही. औषधांच्या दुकानात या प्रकारच्या सहा-सात ट्यूब एका ओळीत मांडलेल्या होत्या, सर्वांवर थंड पाणी आणि दात यांचेच चित्र होते, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले घटक एकमेकांहून अगदी भिन्न होते. ज्यांचे रसायनच निराळे, त्यांचा दातावरचा परिणाम सारखा कसा असेल, हा प्रश्न घेऊन मी सव्वा वर्षात चार प्रकारच्या टूथपेस्ट, प्रत्येकी सुमारे साडेतीन महिने, वापरल्या. ब्रश मऊ दातऱ्यांचा आणि एकाच जातीचा ठेवला, आणि दर रविवारी एक घोट थंड पाणी त्या तीन दातांवर धरून किती कळ येते याची शून्य ते दहा अशी नोंद वहीत केली. सुरुवातीला आणि शेवटी दंतवैद्यांकडून वरच्या दातांचे प्लास्टरचे साचे करून घेतले. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता, एका माणसाच्या तोंडातला अनुभव होता. त्यामुळे जिथे माझ्या अनुभवापेक्षा संशोधन अधिक सांगते तिथे मी संशोधनाचा आधार घेतला आहे.

पुढे मी टूथपेस्टची ओळख नावाने न देता मुख्य घटकाने दिली आहे. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या रचनांच्या ट्यूब विकल्या जातात, आणि तेच नाव, तोच रंग असलेल्या ट्यूबमधला घटक देशानुसार आणि काळानुसार बदलतो. सेन्सोडाइनचेच उदाहरण घेता येईल. 1961 साली अमेरिकेतल्या ब्लॉक ड्रग कंपनीने ती बाजारात आणली तेव्हा तिच्यात स्ट्रॉन्शियम क्लोराइड होते. आज त्याच नावाच्या निरनिराळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असे भिन्न घटक आढळतात. नाव लक्षात ठेवून दुकानात जाण्यापेक्षा घटक लक्षात ठेवून जाणे म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे.

परीक्षणाआधी दाताच्या रचनेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय या पेस्ट नेमके काय करतात आणि काय करत नाहीत हे कळणार नाही. दाताच्या बाहेरचे इनॅमल, ज्याला पाठ्यपुस्तकांत दंतवल्क म्हणतात, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते आणि शरीरातला तो सर्वांत कठीण पदार्थ आहे. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत असते, पण हिरडीकडे येताना ते पातळ होत होत दाताच्या मानेपाशी संपते. त्याच्या आतले डेंटीन केवळ 70 टक्क्यांच्या आसपास खनिज असते, म्हणजे बरेच मऊ असते, आणि त्यातून दाताच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या एक ते अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या असंख्य नलिका असतात. हिरडी मागे सरली किंवा मानेवरचे पातळ इनॅमल निघून गेले की या नलिकांची तोंडे उघडी पडतात. गार, गोड किंवा आंबट पदार्थ लागताच नलिकांमधला द्रव हलतो आणि त्या हालचालीने गाभ्याजवळचे मज्जातंतू उद्दीपित होतात, हे स्पष्टीकरण स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात प्रयोगांनी भक्कम केले आणि आजही तेच ग्राह्य मानले जाते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात शिवशिवणाऱ्या दातांवर उघड्या नलिकांची संख्या न शिवशिवणाऱ्या दातांच्या सुमारे आठपट आणि त्यांची रुंदी सुमारे दुप्पट आढळली होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिवशिव ही नलिका उघड्या असल्याची खूण आहे, दात किती झिजला याचे माप नव्हे. माझ्या आजीचे दात मला चांगले आठवतात. ती तव्यावर तंबाखू भाजून घरीच मिश्री करायची आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटाने दातांवर घासायची. मिश्री नसेल तेव्हा राखुंडी. तिच्या पुढच्या दातांचे पृष्ठभाग सपाट होऊन मधले पिवळे डेंटीन उघडे पडले होते, तरी ती भाजलेले हरभरे खाई आणि विहिरीचे गार पाणी सहज पिई. वर्षानुवर्षे हळूहळू झिजलेल्या दातात नलिका आतून खनिजाने भरत जातात आणि गाभ्याच्या बाजूने नवे डेंटीन साठते, त्यामुळे पुष्कळ झिजलेला दातही गप्प राहू शकतो. (दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारत सरकारने 1992 साली बंदी आणली, पण घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही, आणि दातांच्या झिजेपेक्षा कितीतरी गंभीर असा तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्या सवयीमागे उभा असतो.) तेव्हा ‘आता कळ येत नाही’ आणि ‘आता दात झिजत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि चारही पेस्टचे परीक्षण मी या दोन प्रश्नांवर स्वतंत्रपणे केले आहे.

पहिली पेस्ट पोटॅशियम नायट्रेटची होती. हाच आपला जुना सोरा, आणि या पेस्टमध्ये तो साधारणपणे 5 टक्के असतो. चव सौम्य, फेस पुरेसा, किंमत या वर्गात सर्वांत कमी. पहिले दोन आठवडे माझ्या वहीतला आकडा सातवरून हललाही नाही. तिसऱ्या आठवड्यात तो पाचवर आला आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तीनवर स्थिरावला. हा घटक नलिका बुजवत नाही. पोटॅशियमचे आयन नलिकांतून आत जाऊन मज्जातंतूभोवती साठतात आणि त्याला पुन्हा उद्दीपित होऊ देत नाहीत, असे त्याच्या कार्याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि म्हणूनच परिणाम दिसायला आठवडे लागतात. तरीही पोटॅशियमच्या पेस्टवरील चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2006 सालच्या आढाव्याला तिच्या परिणामाचा भक्कम पुरावा आढळला नव्हता, हेही इथे नोंदवले पाहिजे. मला आराम मिळाला हे खरे, पण तो पेस्टने मिळाला की ब्रश मऊ केल्याने, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

झिजेच्या प्रश्नावर या पेस्टचे उत्तर सरळ आहे. पोटॅशियम नायट्रेट दाताच्या खनिजाला काहीही करत नाही. त्या ट्यूबमधले फ्लोराइड इनॅमलला आम्लाविरुद्ध थोडी मदत करते, पण तेवढी कोणतीही फ्लोराइडयुक्त पेस्ट करते. म्हणजे इथे मज्जातंतूचा आवाज बंद केला जातो, आणि ज्या कारणाने तो आवाज उठला होता ते कारण जिथल्या तिथे राहते. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण कळ थांबल्यावर मी स्वतः पुन्हा जोराने घासू लागले होते. नोंदींच्या वहीत त्या महिन्यात ‘ब्रशचे दाते फाकले’ असे लिहिलेले सापडले तेव्हा माझ्या ते ध्यानात आले.

दुसरी पेस्ट कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेटची, जी नोव्हामिन या व्यापारी नावाने ओळखली जाते. ही एक प्रकारची काच आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॅरी हेंच यांनी 1969 साली हाडाशी सांधली जाणारी जैवसक्रिय काच तयार केली, आणि तिचेच अत्यंत बारीक चूर्ण पुढे दातांसाठी वापरात आले. लाळेशी संपर्क येताच त्यातून सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतात, आजूबाजूची आम्लता कमी होते आणि हाडातल्या खनिजासारखा एक थर डेंटीनवर बसून नलिकांची तोंडे झाकली जातात. पाणी लागले की ही क्रिया सुरू होत असल्यामुळे अशा पेस्टमध्ये पाण्याचा अंश ठेवत नाहीत, आणि म्हणून ती तोंडात घेतल्यावर नेहमीच्या पेस्टपेक्षा घट्ट आणि किंचित उबदार लागते. मला ती सवय व्हायला आठवडा लागला. कळ मात्र दुसऱ्या आठवड्यातच स्पष्टपणे कमी झाली आणि अडीच महिन्यांनी आकडा दोनवर आला.

पोटॅशियमपेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण इथे उघडे दार खरोखर लोटले जाते. तथापि झिजेच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. बसलेला थर मायक्रॉनच्या मापातला असतो आणि आंबट पेयाने तो विरघळू शकतो, म्हणून रोजच्या रोज तो नव्याने बसवावा लागतो. गेलेले डेंटीन किंवा इनॅमल त्याने परत येत नाही. दुसरे म्हणजे ही काच, लाळेत विरघळण्यापूर्वी, इनॅमलहून कठीण असते, त्यामुळे तीच पेस्ट जोराने घासली तर संरक्षण करणारा कणच खरवडणारा कण होऊ शकतो. मी ही पेस्ट रात्री ब्रशने हलकेच लावून, थुंकून, चूळ न भरता झोपत असे, आणि या घटकासाठी तीच पद्धत मला योग्य वाटते. याच वर्गात 8 टक्के आर्जिनीन (एक अमिनो आम्ल) आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेली पेस्टही येते, जिचे मूळ संशोधन न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात झाले. ती मी प्रवासात जेमतेम तीन आठवडे वापरली असल्यामुळे तिला या चारांत धरलेले नाही. बोटाने दुखऱ्या जागी मिनिटभर चोळल्यास कळ लगेच कमी होते, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकते.

तिसरी पेस्ट स्टॅनस फ्लोराइडची, आणि झिजेचा विचार करता चारांत मला हीच सर्वांत मोलाची वाटली. स्टॅनस म्हणजे कथिलाचा आयन. अमेरिकेत 1950च्या दशकात इंडियाना विद्यापीठातल्या संशोधनातून क्रेस्ट ही टूथपेस्ट आली ती याच संयुगावर आधारलेली होती, पण तेव्हा तिचा उद्देश कीड रोखणे हा होता. कथिलाचा आयन दाताच्या पृष्ठभागावर आणि इनॅमलच्या बाह्यतम थरात बसतो व आम्लात सहजी न विरघळणारा थर तयार करतो, आणि डेंटीनवर तोच थर नलिकाही झाकतो. म्हणजे शिवशिव आणि आम्लाने होणारी झीज या दोन्हींवर एकाच घटकाचे कार्य चालते. हे बाकीच्या तीन पेस्टबद्दल म्हणता येत नाही. आम्लझिजेवरील संशोधनात साध्या सोडियम फ्लोराइडपेक्षा कथिलयुक्त पेस्ट सातत्याने सरस ठरत आली आहे.

तिचे दोषही आहेत. चव किंचित तुरट आणि धातूसारखी लागते. माझ्या मुलाने एकदा चुकून ती वापरली आणि पुन्हा हात लावला नाही. दीर्घकाळ वापरल्यास दातांवर फिकट तपकिरी डाग येऊ शकतात, आणि तिसऱ्या महिन्यात माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते दिसू लागले, विशेषतः मी दिवसातून तीनदा चहा घेते म्हणून. दंतवैद्यांनी ते पॉलिश करून काढले. हे डाग वरवरचे असतात, दाताला अपाय करत नाहीत, पण ते घालवण्यासाठी घरी खरखरीत पावडर घासायला घेतली तर पेस्टने मिळवलेले सर्व गमावले जाईल. कळीचा आकडा दुसऱ्या महिन्यात एकवर आला, पण त्याआधीच्या पेस्टचा परिणाम त्यात मिसळलेला असणार, हे मान्य करायला हवे.

चौथ्या पेस्टबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिच्या ट्यूबवर संवेदनशील दातांसाठी आणि दात पांढरे करण्यासाठी अशी दोन्ही आश्वासने होती. घटकांत पोटॅशियम नायट्रेट होते आणि त्याबरोबर सिलिका भरपूर असावी, कारण दात घासताना जिभेला बारीक रवाळपणा स्पष्ट जाणवत होता. दोन महिन्यांनी कळ एकवरून पुन्हा चारवर गेली आणि मी ती पेस्ट मुदतीआधीच बंद केली. दात पांढरे दिसावेत म्हणून डाग खरवडणारी पेस्ट, ज्याच्या दाताची मान आधीच उघडी आहे त्याने वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे या सर्व पेस्टच्या ज्या खरखरीतपणाबद्दल ट्यूबवर सहसा एक शब्दही छापलेला नसतो, त्याच्याकडे वळावे लागते. प्रत्येक टूथपेस्टमध्ये डाग आणि किटण घासून काढण्यासाठी एखादे घर्षक असते, बहुधा सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. दाताची यांत्रिक झीज मुख्यतः हे घर्षक करते, ब्रश नव्हे. पेस्टशिवाय नुसत्या ब्रशने इनॅमल जवळजवळ झिजत नाही, असे प्रयोगशाळेतले अभ्यास दाखवतात. मऊ ब्रश घेतला म्हणजे चिंता मिटली असे मी समजत होते, पण काही प्रयोगांत मऊ दातऱ्यांच्या ब्रशनेही डेंटीन कठीण ब्रशइतके, किंबहुना जास्त झिजलेले आढळले, कारण वाकणारे बारीक दाते पेस्ट अधिक धरून ठेवतात आणि अधिक पृष्ठभागाला स्पर्श करतात. हिरड्यांसाठी मऊ ब्रशच चांगला, यात शंका नाही. पण झीज ठरते ती पेस्टचा खरखरीतपणा, हाताचा जोर आणि घासण्याचा वेळ या तिन्हींवर. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या खाचा बहुधा डाव्या सुळ्यावर आणि उपदाढांवर अधिक असतात, कारण तिथे हाताला सर्वाधिक जोर मिळतो. माझी खाच नेमकी तिथेच आहे.

हा खरखरीतपणा मोजण्याची पद्धत अस्तित्वात आहे. तिला आरडीए, म्हणजे सापेक्ष डेंटीन घर्षणांक म्हणतात. डेंटीनचे तुकडे किरणोत्सारी करून ते ठरावीक वेळा त्या पेस्टने घासतात आणि घासून निघालेल्या द्रवातला किरणोत्सार मोजतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेट या प्रमाणित घर्षकाने जेवढी झीज होते तिला 100 मानतात आणि त्याच्या तुलनेत पेस्टचा आकडा ठरतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 11609 नुसार हा आकडा 250 च्या वर जाता कामा नये, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशन 250 पर्यंतच्या पेस्ट योग्य रीतीने घासल्यास आयुष्यभर सुरक्षित मानते. निरोगी दातांसाठी ते मला मान्य आहे. पण ज्याचे डेंटीन उघडे आहे त्याच्या दृष्टीने 40 आणि 200 यांतला फरक फार मोठा आहे, कारण हा आकडा मोजलाच जातो डेंटीनवर, आणि प्रयोगशाळेत दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट झीज. आपल्याकडे टूथपेस्टमधले फ्लोराइड दशलक्षात 1000 भागांहून अधिक असू नये आणि ते किती आहे हे ट्यूबवर छापले जावे, असा नियम आहे. घर्षणांकासाठीही असाच नियम व्हावा, असे मला मनापासून वाटते. ज्या माणसाला ही माहिती सर्वाधिक हवी, तो दुकानात ट्यूब उलटसुलट करून पाहतो आणि त्याला ती कुठेच सापडत नाही.

तरी कोणतीही पेस्ट, कितीही चांगली असली तरी, झीज पूर्णपणे रोखू शकत नाही. स्वित्झर्लंडमधले बर्न विद्यापीठ आणि ब्राझीलमधले साओ पावलो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मिळून नऊ टूथपेस्टची तपासणी केली, ज्यांतल्या बहुतेक संवेदनशील दातांसाठी किंवा आम्लझीज रोखण्यासाठी विकल्या जाणाऱ्या होत्या. मानवी दाढांच्या इनॅमलचे तुकडे सायट्रिक आम्लात बुडवून, मग पेस्टने घासून, अशी आवर्तने करण्यात आली. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वच पेस्टखाली इनॅमल कमी-अधिक झिजले आणि एकीनेही त्याला पूर्ण संरक्षण दिले नाही. पेस्ट ही मदतनीस आहे. आहार, सवयी आणि दंतवैद्याचे उपचार यांच्याशिवाय ती एकटी पुरेशी नाही, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे.

हे वाचल्यावर मी माझ्या दिवसाकडे पाहिले. वजन कमी करण्यासाठी गेली सहा वर्षे मी पहाटे कोमट पाण्यात लिंबू आणि मध घालून पीत होते, आणि तोंड चिकट वाटते म्हणून त्यानंतर लगेच दात घासत होते. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (तो जितका कमी तितके आम्ल तीव्र), 2 ते 2.5 असतो. इनॅमल साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागते आणि डेंटीन तर 6.5 च्या आसपासच. आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग लगोलग घर्षकाने घासायचा, हेच मी सहा वर्षे रोज करत होते आणि त्यात संवेदनशील दातांच्या टूथपेस्टने काय फरक पडणार होता? दंतवैद्यांनी मला पेस्ट सांगितली, पण सकाळी काय पितेस हे विचारले नाही. मीही ते आपणहून सांगितले नाही, कारण लिंबूपाणी हे आपल्या मनात औषधाच्या रकान्यात बसलेले असते.

आता मी उठल्याबरोबर आधी दात घासते, मग काही खाते-पिते. लिंबूपाणी बंद केले आहे. उन्हाळ्यात कोकम सरबत घेतले तर ते घोटघोट तासभर न पिता जेवणाबरोबर एकदम संपवते आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरते. ताक मात्र सोडलेले नाही, कारण दही-ताक आंबट असले तरी त्यातल्या भरपूर कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे ते इनॅमल विरघळवत नाही. ज्यांना रात्री आम्लपित्ताने आंबट पाणी घशाशी येते किंवा झोपेत दात खाण्याची सवय आहे, त्यांच्या दातांच्या झिजेचा उगम तर टूथपेस्टच्या आवाक्याबाहेरच असतो आणि त्यांनी ट्यूब बदलत बसण्याआधी त्यावर उपचार घ्यावेत.

सव्वा वर्षानंतरचा प्लास्टरचा साचा पहिल्या साच्याशेजारी ठेवून पाहिला तेव्हा सुळ्यावरची आणि पहिल्या उपदाढेवरची खाच आहे तशीच दिसली. दुसऱ्या उपदाढेवरची किंचित खोल झाल्याचे दंतवैद्यांचे मत पडले आणि तिथे त्यांनी दाताच्या रंगाचे सिमेंट भरले. साच्यांची तुलना डोळ्यांनी केलेली असल्यामुळे तीत फार सूक्ष्म बदल कळत नाहीत. चावताना एकमेकांवर येणाऱ्या दाढांचे निरोगी इनॅमलसुद्धा वर्षाला 15 ते 30 मायक्रॉन झिजते, आणि एवढा फरक डोळ्यांना दिसणे शक्य नाही. त्यामुळे झीज थांबली असे मी म्हणणार नाही, वेगाने वाढली नाही एवढेच म्हणते, आणि त्यातला किती वाटा कथिलाचा व किती बंद केलेल्या लिंबूपाण्याचा हे वेगळे काढता येणार नाही.

सध्या मी सकाळी साधी, दात पांढरे करण्याचे आश्वासन न देणारी फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेते आणि रात्री स्टॅनस फ्लोराइडची. ही विभागणी काहीशी खर्चासाठीही आहे, कारण संवेदनशील दातांच्या पेस्ट वजनाच्या हिशेबाने साध्या पेस्टच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतात, आणि घरातल्या ज्या माणसांचे दात शिवशिवत नाहीत त्यांनी त्या वापरण्याचे काही कारण नाही. ज्यांना फक्त गार पाण्याचा त्रास आहे आणि आरशात खाच दिसत नाही त्यांनी पोटॅशियमची पेस्ट महिनाभर वापरून पाहावी. जिथे हिरडी सरून मान उघडी पडली आहे तिथे नोव्हामिन किंवा आर्जिनीन. आणि जिथे आंबट खाण्यापिण्याने दात झिजल्याचे दंतवैद्यांनी सांगितले आहे तिथे, डाग आणि चव सोसून, स्टॅनस फ्लोराइड. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा कळ एकाच दातात आणि गरम पदार्थाने येत असेल, तर मात्र तो दात किडलेला किंवा तडकलेला असण्याची शक्यता असते आणि तिथे कोणतीही ट्यूब विकत घेण्याआधी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसावे.